सेलमचा कॅप्टन मोर कुणाचा?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं सेलम हे गाव चेटकिणींच्या खटल्यांमुळे जगाला माहीत आहे. तिथल्या चार्टर स्ट्रीटवरच्या जुन्या दफनभूमीत एक दगड आहे. कॅप्टन रिचर्ड मोर, वय ८४ वर्षं, मृत्यू १६९२, मेफ्लॉवर पिलग्रिम, एवढा मजकूर त्यावर आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून आलेल्या प्रवाशांपैकी ज्याच्या थडग्यावरचा त्या काळचा दगड अजून मूळ जागी उभा आहे, असा हा एकच माणूस.

घराण्याचा शोध घेणाऱ्याला यापेक्षा पक्का पुरावा कोणता हवा? पण याच दगडाने आजवर अनेकांना चकवलं आहे. मार्च १६९४ च्या एका दस्तात हा कॅप्टन चांगला हयात आहे आणि एप्रिल १६९६ च्या कागदात त्याचा उल्लेख मयत म्हणून येतो. म्हणजे १६९२ हे साल चूक. ते साल आणि ‘मेफ्लॉवर पिलग्रिम’ हे शब्द पुष्कळ नंतरच्या कुणीतरी अभिमानाने कोरून घेतलेले आहेत. वयही जुळत नाही. त्याचा बाप्तिस्मा १६१४ सालचा, तेव्हा मरताना तो ऐंशीच्या आसपास असणार. दगडावर कोरलेलं म्हणून खरं, असं वंशावळीच्या कामात मानता येत नाही. तो दगड कुणी, केव्हा आणि कशासाठी कोरला हे आधी विचारावं लागतं.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांपैकी ज्यांच्या घराण्याचा माग सर्वांत नाट्यमय रीतीने लागला, त्यांत हा रिचर्ड मोर पहिल्या रांगेत बसतो. त्याचा माग काढताना शोधाच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या वापराव्या लागल्या आणि जवळजवळ सगळे सापळेही वाटेत आले.

आजपासून मागे

अशा शोधाचा पहिला नियम साधा आहे. आपल्यापासून सुरुवात करायची आणि एकेक पिढी मागे जायचं. प्रसिद्ध पूर्वज आधी निवडून त्याच्यापासून खाली आपल्यापर्यंत येऊ पाहणारा माणूस हमखास फसतो, कारण मधे कुठेतरी आडनाव जुळलं की तो उडी मारतो.

मागे जाताना पहिला टप्पा सोपा असतो. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. मात्र १८५० च्या आधीच्या गणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. बाकीची माणसं केवळ आकड्यांत दिसतात, घरात इतके पुरुष, इतक्या बायका. त्यामुळे १८५० च्या मागे गेलं की जनगणनेचा आधार तुटतो आणि शोध जमिनीच्या खरेदीखतांकडे, मृत्युपत्रांकडे आणि चर्चच्या वह्यांकडे वळतो. या बाबतीत न्यू इंग्लंडचा प्रदेश भाग्यवान. तिथल्या गावांनी जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी सतराव्या शतकापासून ठेवल्या आणि पुढे त्यांतल्या पुष्कळ छापूनही काढल्या. बॉस्टनमध्ये १८४५ साली वंशशोधाला वाहिलेली संस्था निघाली आणि १८४७ पासून तिचं त्रैमासिक सुरू झालं. मेफ्लॉवरच्या वंशजांची स्वतंत्र संस्था १८९७ ची. तिचं सभासदत्व हवं असेल तर प्रत्येक पिढीची गाठ कागदाने सिद्ध करावी लागते. आजी सांगायची, एवढ्यावर तिथे भागत नाही.

मृत्युपत्र हा यातला सर्वांत बोलका कागद. त्यात मुलं नावानिशी येतात, लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या आडनावाने येतात, आणि कुणाला काय दिलं यावरून घरातलं प्रेम आणि रुसवेही कळतात. जमिनीची खतं त्यामानाने रूक्ष. पण वडिलांची जमीन भावांनी मिळून विकली असेल, तर त्या एका खतातच सगळी भावंडं एका ओळीत उभी दिसतात.

सतराव्या शतकात पोचलं की आणखी एक अडचण येते, तारखांची. इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारीतलं लग्न जुन्या वहीत १६१० चं दिसतं, आपल्या हिशोबाने ते १६११ चं असतं. हे लक्षात ठेवलं नाही तर पोरं लग्नाआधी जन्मलेली दिसतात किंवा माणूस जन्मण्याआधी मेलेला दिसतो.

ब्रॅडफर्डची यादी

रिचर्ड मोरपर्यंत मागे येणं शेकडो कुटुंबांना जमलं. त्याच्या मागे मात्र भिंत होती.

मेफ्लॉवरच्या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा दीर्घकाळ गव्हर्नर असलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहिला. त्याला त्याने मेफ्लॉवरच्या प्रवाशांची यादी जोडली. ही यादी म्हणजे या शोधाचा मुख्य आधार. पण हे हस्तलिखित बॉस्टनहून गहाळ झालं होतं. १८५५ साली ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात सापडलं, १८५६ साली संपूर्ण छापलं गेलं आणि १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत मिळालं.

यादीत मोर आडनावाची चार मुलं तीन वेगवेगळ्या घरांत विखुरलेली आहेत. जॉन कार्व्हरकडे जॅस्पर नावाचं पोर, एडवर्ड विन्स्लोकडे एलन नावाची मुलगी, आणि विल्यम ब्रूस्टरकडे रिचर्ड व त्याचा एक भाऊ. ही मुलं त्या त्या माणसाकडे ‘सोपवलेली’ होती, एवढंच ब्रॅडफर्ड सांगतो. आईबाप कोण, गाव कोणतं, सोपवली कुणी, याबद्दल चकार शब्द नाही. रिचर्ड सोडून बाकीची भावंडं पहिल्याच हिवाळ्यात गेली. जहाजावरच्या एकशे दोन प्रवाशांपैकी जवळपास निम्मे त्या हिवाळ्यात दगावले होते.

आईबाप नसलेली, वाटून दिलेली चार मुलं म्हणजे लंडनच्या रस्त्यावरची अनाथ पोरं असणार, असा समज मग रूढ झाला. त्याला दुजोरा देईल असा एक कागदही होता. १६८४ साली रिचर्डने शपथेवर जबानी दिली, त्या वेळी वय सत्तरच्या आसपास. १६२० साली आपण लंडनमध्ये टॉमस वेस्टन या लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या घरी होतो आणि तिथून आपल्याला न्यू प्लिमथला पाठवण्यात आलं, असं त्यात तो सांगतो. वेस्टन हा मेफ्लॉवरच्या सफरीसाठी पैसा उभा करणारा माणूस. जबानी खरी आहे आणि वयही बरोबर आहे. पण सहाव्या वर्षी समुद्रावर गेलेल्या माणसाने सत्तरीत सांगितलेल्या आठवणीत त्याचं गाव नाही, की आईचं नाव नाही.

शिप्टनची वही

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम होता. वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशर परगण्यातल्या शिप्टन गावच्या वहीत मोर आडनावाच्या चार मुलांचे बाप्तिस्मे ओळीने सापडतात. एलन मे १६१२, जॅस्पर ऑगस्ट १६१३, रिचर्ड नोव्हेंबर १६१४, मेरी एप्रिल १६१६. आई कॅथरिन मोर, वडील सॅम्युएल मोर. १९०५ साली एडविन हिल नावाच्या संशोधकाने मेफ्लॉवरच्या रिचर्डचं मूळ याच घराण्यात असल्याचं मांडलंही होतं.

पण नुसत्या नावांच्या जुळणीने काही ठरत नाही. शिप्टनमध्ये दोन मुलगे आणि दोन मुली, तर ब्रॅडफर्डच्या यादीत तीन मुलगे आणि एक मुलगी. शिवाय मोर हे तिथलं जमीनदार घराणं. अशा घरातली चार लहान मुलं, त्यांतला जॅस्पर सात वर्षांचा आणि मेरी जेमतेम चार, अनोळखी माणसांबरोबर अटलांटिकपार कशाला जातील?

या प्रश्नाचं उत्तर श्रॉपशरमधल्याच लिनली हॉल या वाड्याच्या माळ्यावर पडून होतं. १९५९ साली वाड्याचे मालक जॅस्पर मोर यांनी, जे पुढे खासदार झाले, वंशशास्त्राचे मोठे जाणकार अँथनी वॅग्नर यांच्या आग्रहावरून घरातले जुने कागद चाळायला घेतले. त्यांत १६२२ सालचं एक निवेदन निघालं. ते त्यांच्याच पूर्वजाने, सॅम्युएल मोरने, दिलेलं होतं. वॅग्नर यांनी पुढच्याच वर्षी ते अमेरिकेतल्या त्रैमासिकात प्रसिद्ध केलं आणि तीनशे वर्षांची भिंत एका कागदाने पडली.

सॅम्युएल मोरचं म्हणणं

कॅथरिन ही लार्डनच्या मोरांची मुलगी आणि सॅम्युएल लिनलीच्या मोरांचा मुलगा. एकाच आडनावाची, दूरच्या नात्यातली ही दोन घराणी. कॅथरिनचे भाऊ राहिले नव्हते, त्यामुळे लार्डनची जमीन घराण्यातच राहावी म्हणून हे लग्न जुळवलं गेलं. १६११ च्या फेब्रुवारीत लग्न झालं तेव्हा सॅम्युएल सतरा वर्षांचा होता आणि कॅथरिन पंचवीसची. तो लॉर्ड झूश या बड्या दरबारी माणसाचा चिटणीस म्हणून बहुतेक काळ लंडनकडे असायचा.

मुलांचे चेहरे आणि अंगलट गावातल्या जेकब ब्लेकवेसारखी आहे, असा सॅम्युएलला संशय आला. मेरीचा बाप्तिस्मा झाला त्याच महिन्यात, एप्रिल १६१६ मध्ये, त्याने दस्त करून या मुलांना लार्डनचा वारसा मिळण्याची वाट बंद केली. मुलं आईपासून काढून लिनलीजवळ वडिलांच्या कुळांकडे ठेवली. ब्लेकवेवर फिर्याद केली आणि धर्मन्यायालयात कॅथरिनपासून विभक्त होण्यासाठी दावा लावला.

कॅथरिनने या सगळ्याला काय उत्तर दिलं, हे तिच्या हातच्या एकाही कागदात नाही. आहे ते तिच्या नवऱ्याच्या निवेदनात, त्याने तिच्याविरुद्ध लिहिलेल्या मजकुरात. त्यातून कळतं ते असं. आपलं ब्लेकवेशी आधीच वचन झालं होतं, साक्षीदार आणून ते सिद्ध करता आलं नाही तरी देवापुढे ते लग्नच होतं, असं तिचं म्हणणं होतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये असं वचन कायद्यानेही वजनदार मानलं जायचं, तेव्हा हा बचाव पोकळ नव्हता. मुलं कुळाच्या घरी ठेवल्यावर ती तिथे धडकली आणि शिव्याशाप देत तिने मुलांच्या अंगावरचे कपडे ओढून फाडले, असंही सॅम्युएल सांगतो. त्याने ते तिचा उच्छाद म्हणून नोंदवलं. आपल्याला त्याच ओळीत पोरांना कवटाळून दारातून बाहेर ओढू पाहणारी आई दिसू शकते. नेमकं काय घडलं हे कागद सांगत नाही. पण ती तिथे गेली होती, आणि पुन्हा पुन्हा दाद मागत होती, एवढं तिच्या विरोधकाच्याच तोंडून सिद्ध होतं.

अखेर न्यायालयात ती हरली. जुलै १६२० मध्ये सॅम्युएलने मुलांना लंडनला आणवून जॉन कार्व्हर आणि रॉबर्ट कुशमन या सफरीच्या व्यवस्थापकांच्या हवाली केलं. करार असा होता की मुलांना खायला-ल्यायला मिळेल आणि सात वर्षांनी प्रत्येकाला व्हर्जिनियात पन्नास एकर जमीन मिळेल. इथे या मुलांवर कलंक राहील, तो लांब गेल्याने टळेल, असं कारण निवेदनात दिलं आहे.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. कागदात व्हर्जिनिया म्हटलंय म्हणून आजच्या व्हर्जिनिया राज्यात शोध घेतला असता तर काहीच हाती लागलं नसतं. १६२० साली व्हर्जिनियाच्या सनदेची हद्द उत्तरेला हडसन नदीच्या आसपासपर्यंत होती आणि मेफ्लॉवर त्याच बाजूला निघालं होतं. ते पोचलं मात्र आणखी उत्तरेला, केप कॉडला. नकाशा कागदाच्या काळातला घ्यावा लागतो.

हे निवेदन मुळात लिहिलं गेलं ते कॅथरिनमुळे. १६२२ साली तिने मुख्य न्यायमूर्ती सर जेम्स ली यांच्याकडे अर्ज केला, माझ्या मुलांचं काय केलंत, याचा जाब मागण्यासाठी. त्या अर्जाला उत्तर म्हणून सॅम्युएलने आपली बाजू मांडली. ती विचारत होती तेव्हा चारपैकी तीन मुलं मरून वर्ष उलटून गेलं होतं. जॅस्पर तर केप कॉडच्या बंदरात जहाज नांगरलेलं असतानाच, डिसेंबर १६२० मध्ये गेला.

आणि ब्रॅडफर्डच्या यादीतला हिशोब? तोही आता जुळतो. ब्रूस्टरकडे रिचर्डबरोबर असलेला ‘भाऊ’ म्हणजे मेरी. ब्रॅडफर्डने यादी केली ती घटनेनंतर तीसेक वर्षांनी, आठवणीतून. त्याने ती मुलगी पाहिली होती, तरी इतक्या वर्षांनी त्याच्या लेखी ती मुलगा झाली. डोळ्यांनी पाहणाऱ्याची नोंदही तपासून घ्यावी लागते, ती अशी.

एक नाव, अनेक माणसं

पुढचं आयुष्य कागदांत बऱ्यापैकी दिसतं. १६२७ साली प्लिमथमध्ये गुरांची वाटणी झाली, तिच्यात रिचर्ड ब्रूस्टरच्या गटात आहे. १६३५ साली लंडनहून निघालेल्या ‘ब्लेसिंग’ जहाजाच्या यादीत वीस वर्षांचा एक रिचर्ड मोर आहे, आणि त्याच यादीत ख्रिश्चन हंटर ही तरुणी आहे. नाव एक म्हणून माणूस एक, असं धरता येत नाही. पण वय जुळतं, आणि पुढच्याच वर्षी प्लिमथमध्ये रिचर्ड मोरचं लग्न ख्रिश्चन हंटरशी झालेलं आहे, म्हणून हा तोच, इंग्लंडला जाऊन परत आलेला, असं म्हणायला आधार मिळतो. त्यानंतर तो सेलमला गेला, स्वतःच्या जहाजाचा कॅप्टन झाला, व्हर्जिनिया आणि वेस्ट इंडीजशी व्यापार करू लागला.

मग १६४५ साली लंडनच्या स्टेपनी भागातल्या सेंट डन्स्टन चर्चच्या वहीत एक लग्न दिसतं, न्यू इंग्लंडमधल्या सेलमचा खलाशी रिचर्ड मोर आणि लाइमहाउसची एलिझाबेथ वूलनो. ख्रिश्चन तर सेलममध्ये होती आणि १६७६ पर्यंत जगली. गावाचं नाव आणि धंदा वहीतच लिहिलेला असल्यामुळे दुसरा कुणी मोर असेल असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. म्हणून आजचे अभ्यासक त्याला दोन बंदरांत दोन संसार असलेला माणूस मानतात. १६८८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, दुसऱ्याच्या बायकोशी असलेल्या संबंधांबद्दल सेलमच्या चर्चने त्याला बाहेर काढलं आणि पुढे पश्चात्तापानंतर परत घेतलं. वसाहतीच्या संस्थापकांत धर्मनिष्ठ पूर्वज शोधायला आलेल्या वंशजांच्या हाती हा कॅप्टन लागला.

इकडे श्रॉपशरमध्ये सॅम्युएलने १६२५ साली दुसरं लग्न केलं. १६४४ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात त्याने हॉप्टन कॅसल लढवला. त्याची माणसं कापली गेली, तो वाचला. त्याच्या दुसऱ्या संसारातल्या थोरल्या मुलाचं नावही रिचर्ड, सॅम्युएलच्या वडिलांच्या नावावरून. हा रिचर्ड लिनलीचा वारस झाला, खासदार झाला आणि १६९८ साली वारला, सेलमच्या रिचर्डनंतर दोन-चार वर्षांतच. आजोबा रिचर्ड, समुद्रापार टाकलेला रिचर्ड आणि वारस रिचर्ड. तारखा आणि ठिकाणं बाजूला ठेवली तर या तिघांतून कुणीही कुणाचाही वंशवृक्ष रंगवू शकेल, आणि पैसे घेऊन तसे रंगवून देणारे लोक एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत अमेरिकेत होतेच. गुस्ताव आंझू नावाच्या माणसाने तर श्रीमंत घराण्यांना खोटी मृत्युपत्रं आणि खोटे पूर्वज पुरवण्याचा धंदाच केला.

रक्ताची चाचणी काय सांगेल?

आता डीएनए चाचणी आली, मग कागद कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण दर पिढीला पूर्वजाचा वाटा निम्मा होत जातो. बारा-तेरा पिढ्यांनी एखाद्या एका पूर्वजाचा ओळखता येईल असा अंशही बहुतेकांच्या अंगात उरत नाही. वडिलांकडून फक्त मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र टिकून राहतं, पण त्यासाठी मुलगे-मुलगेच अशी अखंड ओळ लागते. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा वारसा रिचर्डपाशीच संपला, कारण पुरुष तो पुढे देत नाही. कॅथरिनचा तो वारसा ज्या दोन मुली पुढे नेऊ शकल्या असत्या, त्या प्लिमथच्या पहिल्या हिवाळ्यातच गेल्या.

कागद हाती आहेत तेही एकाच बाजूचे. ज्या जागी प्लिमथ वसलं तिथे आधी वाम्पानोआग लोकांचं पटक्सेट हे गाव होतं. मेफ्लॉवर येण्याआधीच्या काही वर्षांत ते साथीच्या रोगाने ओस पडलं. त्या गावातल्या मुलांच्या बाप्तिस्म्याची वही कुठल्याही माळ्यावर नाही. म्हणून अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावरची वंशावळ बहुतेक वेळा जहाजातून उतरणाऱ्यांचीच असते.

वंशावळीच्या तक्त्यात रिचर्डच्या वडिलांचा रकाना आजही वादाचा आहे. तेव्हाचा कायदा लग्नाच्या नात्यात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरत होता, नवरा मात्र ते ब्लेकवेचं म्हणत होता. त्यामुळे रिचर्डचं मूळ शोधणारे अभ्यासक आईकडून मागे जातात. लार्डनच्या मोरांकडून ती वाट इंग्लंड-स्कॉटलंडच्या मध्ययुगीन राजघराण्यांपर्यंत पोचते आणि कागदांनी सिद्धही होते. जमीन घराण्यात राहावी म्हणून जिचं लग्न लावलं, जिची मुलं काढून घेतली, आणि जिचं म्हणणं फक्त विरोधकाच्या कागदात उरलं, त्या कॅथरिनमुळेच आज रिचर्डच्या वंशजांना आपलं इंग्लंडमधलं मूळ सांगता येतं. सॅम्युएलने आपलं नाव राखण्यासाठी लिहिलेलं निवेदन शेवटी तिच्या मुलाची ओळख पटवायला उपयोगी पडलं. हे निवेदन घडलं तिने जाब विचारला म्हणून. ती गप्प बसली असती, तर सेलमचा कॅप्टन अजूनही लंडनच्या रस्त्यावरचा अनाथ म्हणूनच छापला गेला असता.